धरणाऱ्या बाईचा शेगडा

चेपिताच्या ओसरीवर एक डोलखुर्ची आहे. ती डुलताना उजवीकडे किंचित कलते. पोचोते वस्तीत घरटी एक सुतार, त्यामुळे त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण एकदा तरी म्हणतोच, "चेपिता, पाय तासून देऊ का गं? पाच मिनिटांचं काम." चेपिता त्याच्या हातात केळीच्या पानातला गरम नाकातामाल ठेवते आणि सांगते, "खा आणि गप्प बस. खुर्चीला हात लावलास तर याद राख." खुर्ची केली कासिल्दाने. तिची गोष्ट सांगायची तर खुर्चीच्या आधी तिच्या हातांपासून सुरुवात करावी लागते.

कासिल्दाच्या डाव्या अंगठ्याला टोक नव्हतं. ते एका पाळण्यापायी गेलं. उजव्या तळहातात मधोमध एक पांढरी खूण होती, मागेही तशीच. तिथून पटाशी आरपार गेली होती, दाराच्या चौकटीला खाच पाडताना. बोटांच्या पेरांवरची कातडी रंध्याने इतक्यांदा सोलली गेली होती की तिथे केस उगवायचे बंद झाले होते. कुठली जखम कुठल्या लाकूडसामानाची, हे तिला तोंडपाठ होतं, पण ती सांगत नसे. विचारणारंही कोणी नव्हतं, कारण वस्तीतल्या निम्म्या बायकांचे हात तसेच होते.

रीतच तशी होती. सुतार कापायचा, तासायचा, खाच पाडायचा, आणि त्याची बायको ते लाकूड धरायची. जमिनीवर बसून, तळपायांत, गुडघ्यांत, दोन्ही हातांत. अशा बायकोला 'धरणारी' म्हणत. लग्न ठरवताना मुलाचा बाप मुलीचं मनगट दाबून बघायचा. कासिल्दाचं मनगट एरास्मोच्या बापाने चांगलं दोनदा दाबलं होतं आणि म्हणाला होता, "धरेल ही." ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मूर्खासारखी खूश झाली होती.

एरास्मो हाडाचा सुतार होता, हे कबूल केलंच पाहिजे. त्याच्या डोलखुर्च्या मासातेपे गावच्या दुकानांत मांडल्या की आधी त्याच उचलल्या जायच्या. पण माणूस म्हणून तो कवडीच्या लायकीचा नव्हता. काम करताना त्याच्या तोंडी दोनच शब्द असत. "धर!" आणि "सोड!" लाकूड हललं की तो हातात असेल त्याने मारायचा. बहुतेक वेळा हातात लाकूडच असायचं. कानस असली तर कानस. कुणी म्हणालंच, की एरास्मो, एक शेगडा घे ना लेका, लोखंडी जबड्यात लाकूड आवळून टाकलं की झालं, तर तो दात विचकून कासिल्दाकडे बोट दाखवायचा. "आहे की माझ्याकडे. हा मांसाचा शेगडा. स्वयंपाकही करतो." आणि सगळे हसायचे. बायकासुद्धा हसायच्या, हे जास्त लागायचं.

बावीस वर्षं हे चाललं. शेवटचं लाकूड होतं एका पलंगाचा पाय. कासिल्दाला ताप होता, गुडघा निसटला, करवत वाकडी गेली. एरास्मोने तोच पाय उचलला आणि तिच्या गळ्याखालच्या हाडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तो म्हणाला, "आता दुसरा पाय कोण धरणार, तुझी आई?" आई मेली होती. कासिल्दा उठली, एक कोंबडी बगलेत घेतली आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या बंद पडलेल्या चुलीच्या छपरात जाऊन पडली. शेजारपाजारचे म्हणाले, नवराबायकोचं भांडण आहे, मध्ये कोण पडणार.

चेपिता पडली. चेपिताच्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी कासिल्दाने हातावर घेतलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या आणि ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा पातळ नव्हतं. तिने कासिल्दाचा हात गळ्यात बांधून दिला आणि चाळीस दिवस तिला भात, घेवडा आणि शिव्या खाऊ घातल्या.

"आता काय करणार आहेस, कोमाद्रे? माझ्यासोबत नाकातामाल विकशील?"

"सुतारकाम करणार आहे."

"तू? तू आयुष्यात कधी करवत चालवली आहेस का गं?"

"नाही. पण चालताना बघितली आहे. एका विताच्या अंतरावरून, बावीस वर्षं. त्याचं कुठे चुकतं तेही बघितलंय."

छपरात मेलेल्या भावाची पेटी होती. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, कानस. हाड जुळल्यावर कासिल्दाने फळ्या जोडून एक भक्कम मेज केलं. फळ्या धरायला कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांच्यावर बसून कापायची. सगळं वाकडं झालं. चेपिताने ते पाहिलं आणि बाह्या सरसावून म्हणाली, "सरक, मी धरते."

कासिल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चेपिताचा हात असा झटकला की ती बिचारी दोन पावलं मागे गेली. "माझ्या छपराखाली कुठलंही माणूस लाकूड धरणार नाही! तूसुद्धा नाही! कळलं?"

"कळलं, बाई, कळलं. मग धरणार कोण? तुझी कोंबडी?"

"शेगडा आणते."

"आण. आणि आणलास की पहिली डोलखुर्ची माझी. शनिवारच्या गिऱ्हाइकांना बसायला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ओसरीवर पाहिजे. सगळ्या वस्तीला सांगून टाकलंय मी."

हे चेपिताने मुद्दाम केलं होतं. खुर्ची त्या शनिवारी आली नाही, तर वस्तीत कोणीही कासिल्दाला पुन्हा काम देणार नव्हतं, आणि काम नसलं की बाई जिथून आली तिथे परत जाते, हे एरास्मोलाही ठाऊक होतं. तो वाट बघत बसला होता.

कासिल्दाने चेपिताकडे पाळायला ठेवलेलं आपलं डुक्कर विकलं आणि राजधानीच्या, मानाग्वाच्या बसमध्ये चढली. पिशवीत भाताच्या तुसात गुंडाळलेलं एक कच्चं अंडं होतं.

ओरिएन्ताल बाजाराच्या आतल्या अंगाला, जिथे जुनं लोखंड विकतात, तिथे तिबुर्सिओचं दुकान होतं. तिबुर्सिओ म्हातारा, जाडा, आणि एरास्मोचा जुना पिणारा दोस्त. तिला बघताच त्याने पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"ये, राणी, ये! तुझी वाटच बघत होतो. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय." त्याने पोत्याखालून एक शेगडा ओढून काढला. निळा, नवा, जड. जबड्यांवर तिरप्या रेघांचे टोकदार दात. "लोहाराचा माल आहे. यात रेल्वेचा रूळ हलणार नाही. एरास्मोने निरोप पाठवला होता, माझी बायको येईल, तिला हाच दे म्हणाला. बघ, अजून जीव आहे त्याचा तुझ्यावर."

कासिल्दाने दातांवरून बोट फिरवलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मऊ सेद्रो लाकूड या जबड्यात गेलं तर बाहेर येताना कुत्र्याने चावल्यासारखं येणार, आणि चेपिताच्या खुर्चीवर सगळी वस्ती बोट ठेवून हसणार. एरास्मोला हेच हवं होतं.

"हा धरत नाही," ती म्हणाली. "हा चावतो."

"अगं, शेगडा चावणारच! तुला काय, चुंबन घेणारा पाहिजे?" शेजारचे दोन दुकानदार खिदळले.

तिने अंडं काढलं. ते बघून बाजूच्या दुकानातला खिदळणं विसरला, कारण तो वस्तीकडचाच होता. जुने मेस्त्री शेगडा घेताना असंच करायचे. कच्चं अंडं जबड्यात धरायचं, हात काढून घ्यायचा, मेजावर बुक्की मारायची. अंडं पडताही कामा नये आणि फुटताही कामा नये. जो शेगडा हे करतो त्याचे जबडे सरळ मिटतात आणि त्याची पकड दांड्यावरच्या हाताला कळते. निळ्यात अंडं ठेवून तिने दांडा जरा फिरवला, आणि दातांच्या टोकाला पहिली बारीक चीर उमटली. तिने ते लगेच काढून घेतलं.

"दुसरा दाखव."

"दुसरा नाही."

"तुझ्या मांडीखाली काय आहे?"

तिबुर्सिओ ज्या खोक्यावर बसला होता त्यात एक होता. जुना बिडाचा, रंग उडालेला, जबडे रुंद, सपाट, गुळगुळीत. आत लाकडी फळ्या ठोकायला भोकं होती. जबड्याच्या पोटाखाली एक खटका होता. तो दाबला की पुढचा जबडा मळसूत्राला न जुमानता सरकन मागेपुढे धावायचा. हवा तिथे आणून अर्धा फेरा दिला की घट्ट, आणि एकदा आवळला की खटका कितीही दाबला तरी सुटत नसे. खोट एकच होती. फिरवायच्या दांड्याची एका टोकाची गुंडी तुटली होती, त्यामुळे दांडा सारखा निसटून हातात यायचा.

"भंगार आहे ते," तिबुर्सिओ म्हणाला. "फिरवता फिरवता दांडा पायावर पडेल."

तिने चीर गेलेलं अंडं त्यात ठेवलं, खटका दाबला, जबडा आणला, पाव फेरा दिला आणि हात काढला. खोक्यावर बुक्की मारली. अंडं जागचं हललं नाही. चिरेतून थेंबही आला नाही. बाजूचा दुकानदार हळूच म्हणाला, "घे, बाई. हाच घे." कासिल्दा त्या अंड्याकडे बघत राहिली. कोणीतरी काहीतरी धरतंय आणि त्याला दुखत नाही, असं तिने तोवर पाहिलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"नवऱ्याला काय सांगू?" तिबुर्सिओने विचारलं.

"सांग, दातवाला त्याने स्वतः घालून घ्यावा, जागा त्याची त्याने निवडावी."

घरी येऊन तिने शेगडा मेजाच्या कडेला असा बसवला की जबड्याची वरची धार मेजाशी सपाट आली. जबड्यांना आतून मऊ लाकूड लावलं आणि त्यावर बापाच्या जुन्या खोगिराचं चामडं चिकटवलं. चीर गेलेलं अंडं तळून खाल्लं. मग कामाला लागली. पहिल्या आठवड्यात तिने तीन पाय फुकट घालवले. पटाशी कशी दिसते हे तिला माहीत होतं, कशी लागते हे माहीत होतं, कशी चालवायची हे हाताला माहीत नव्हतं. पण लाकूड हलत नव्हतं आणि कोणी ओरडत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पाठ, बैठक, हात सगळं उभं राहिलं. राहिले फक्त खालचे दोन वाकडे पाय, ज्यांच्यावर खुर्ची डुलते. शुक्रवारी दुपारपर्यंत डावा घोटून झाला होता, शेगड्यातून काढायचा तेवढा बाकी होता.

एरास्मो शुक्रवारी दुपारीच आला. प्यायलेला नव्हता. प्यायलेला असता तर तो वाटेत कुठेतरी पडला असता. हातात कोयता होता.

"मेस्त्रीणबाई!" तो दारातून म्हणाला. "खुर्ची बघायला आलो."

"बाहेर हो."

त्याने कोयत्याच्या पात्याची सपाट बाजू तिच्या तोंडावर मारली. ती मेजाखाली पडली, तोंडात रक्ताची चव आणि कानात घंटा. वरून तिला खुर्ची फुटल्याचा आवाज येईल असं वाटलं, पण आधी त्याची नजर शेगड्यावर गेली. त्याने आत धरलेला डावा पाय पकडला आणि हिसडला. पाय आला नाही. त्याने पुन्हा हिसडला. मग बावीस वर्षांच्या सवयीने तो ओरडला, "सोड!"

शेगड्याने सोडलं नाही.

"सोड म्हणतो ना!" त्याने शेगड्यावर कोयता घातला. ठिणगी उडाली, बिडाचा एक टवका गेला. कुंपणापाशी आलेली चेपिता हे बघून ओरडायला लागली, आणि तिच्या ओरडण्याने माणसं जमायला लागली. एरास्मोने दांडा फिरवला, तो निसटून हातात आला, त्याने शिवी देऊन तो परत घातला, फिरवला, आणि जबडे सैल होऊन लाकूड खाली कासिल्दाच्या पोटावर पडलं. तेवढ्यात त्याला आतलं चामडं दिसलं.

"जोडे घातलेत याला!" तो हसला. "बघा रे, महाराणीने लोखंडाला जोडे घातलेत!" आणि चामडं ओरबाडून काढायला त्याने डावा हात जबड्यात घातला.

कासिल्दाच्या डोळ्यांसमोर, बरोबर वर, खटका होता. तिने तो दाबला, खांद्याने जबडा ढकलला, मोडून जुळलेलं हाड त्या धक्क्याने कळवळलं, आणि दांड्याला अर्धा फेरा देऊन तिने तो उपसून घेतला. मग मेजाखालून पलीकडच्या टोकाने बाहेर आली.

एरास्मोला दोन क्षण काय झालं तेच कळलं नाही. कळल्यावर त्याने खटका ओढून पाहिला, तो सुटला नाही. मळसूत्र फिरवायला दांडा नव्हता. त्याने मेजावरून तिच्यावर कोयता चालवला. ती मागे झाली. दुसरा वार मेजाच्या कडेत रुतला, आणि तो उपसत असताना तिने लोखंडी दांडा त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. कोयता तिथेच राहिला. तिने तो उपसून कुंपणाकडे भिरकावला आणि चेपिता त्यावर पाय देऊन उभी राहिली. मग कासिल्दाने दांडा पुन्हा उचलला आणि त्याच्या गळ्याखाली मारला, त्याच जागी. हाड मोडलं नाही. मोडावं अशी तिची फार इच्छा होती. म्हणून तिने आणखी एकदा मारलं.

"अरे, सोडवा मला!" एरास्मो कुंपणाकडे बघून ओरडला. "बघताय काय, हरामखोरांनो!"

कोणी पुढे झालं नाही. एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "नवराबायकोचं भांडण आहे. मध्ये कोण पडणार?"

कासिल्दाने दांडा परत मळसूत्रात घातला. सगळ्यांना वाटलं ती सोडतेय, त्यालाही वाटलं. तिने आतल्या बाजूला पाव फेरा दिला. त्याची किंकाळी पार रस्त्यापर्यंत गेली. तिच्या हाताला पकड कळत होती, अंड्याच्या वेळी कळली होती तशीच. आणखी बोटभर फेरा, की हाडं जाणार. बावीस वर्षं तिच्या अंगात साठलेलं सगळं त्या बोटभर अंतरात येऊन थांबलं होतं, आणि तिला तो फेरा द्यायचा होता. द्यायचाच होता.

"कासिल्दा," तो रडत म्हणाला, "माझा हात गं. मी सुतार आहे."

"मीपण," ती म्हणाली. "तू पाठवलेला दातवाला घेतला असता ना, तर तुझी बोटं आत्ता जमिनीवर असती. चामड्याला हसलास ना? त्या चामड्याने वाचवलंय तुला."

तिने दांडा उपसला आणि कमरेला खोचला. मग कोपऱ्यातून उजव्या पायाचं लाकूड उचललं. उद्या शनिवार होता, आणि शेगडा अडकलेला होता. तिने ते लाकूड मेजावर आडवं ठेवलं, एरास्मोचा सुजलेला उजवा हात त्यावर दाबला, त्याची छाती वर टेकवली.

"धर."

त्याने धरलं. तिने पटाशी घेतली, मोगरी घेतली, आणि त्याच्या बोटांपासून दोन अंगुळांवर पहिला घाव घातला. त्याने डोळे मिटले. लाकूड थरथरलं.

"हललास," ती म्हणाली आणि कमरेच्या दांड्यावर हात ठेवला. तो पुन्हा हलू नये म्हणून जीव खाऊन दाबायला लागला, पण मनगट थरथरायचं थांबेना. खाच झाली, मग रंधा, मग कानस. कानस त्याच्या पेरांजवळून जायची तेव्हा तो लहान पोरासारखा कण्हायचा. ऊन छपरातून अंगणात गेलं. कुंपणापाशी बायका वाढत गेल्या. त्यांतल्या कोणी हसलं नाही. काही जणी आपली मनगटं चोळत होत्या.

एवढ्या वेळात पटाशी एकदाही त्याच्या कातडीला लागली नाही. हात शिकाऊ होता, गोगलगायीएवढा हळू चालत होता, पण लागली नाही. न लागू देणं इतकं सोपं असतं हे कळल्यावर कासिल्दाला त्याचा जेवढा राग आला तेवढा त्या कोयत्याचाही आला नव्हता.

पाय पुरा झाल्यावर तिने दांडा घालून शेगडा उघडला. "सोड," ती म्हणाली, लाकडाबद्दल. त्याने सोडलं. डाव्या हाताची बोटं निळी पडली होती, पण पाचही हलत होती. तो अंगणातून गेला तेव्हा लोकांनी वाट करून दिली, आणि चेपिताने कोयता दिला नाही. तो अजून तिच्याकडे आहे, केळीची पानं कापायला.

पुढच्या वर्षभरात वस्तीत सहा शेगडे आले, सगळे सपाट जबड्यांचे, अंड्याने पारखलेले, आणि ते पारखायला नेलं होतं कासिल्दाला. एरास्मो आता एकटाच काम करतो, गुडघ्यांत लाकूड धरून. मासातेपेला जायची त्याची वाट चेपिताच्या ओसरीवरून जाते.

त्या शनिवारी सकाळी खुर्ची ओसरीवर आली. चेपिता बसली, डुलली, आणि उजवीकडे कलली. कासिल्दाचं तोंड उतरलं. "उजवा पाय नीट झाला नाही गं. आण, तासून देते."

"काय झालं त्याला?"

"डावा शेगड्याने धरला होता," कासिल्दा म्हणाली. "उजवा एरास्मोने. धरणारा थरथरत होता."

चेपिताने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि पुन्हा एकदा डुलून बघितलं. "राहू दे," ती म्हणाली. "असाच राहू दे."